एक मारुंजीची, एक महाळुंग्याची

माझी सगळी नोकरी नव्या गाड्या तपासण्यात गेली. चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनच्या शेवटच्या टोकाला मी उभा असायचो. गाडी रोलरवर चढवायची, जागच्या जागी पळवायची, ब्रेक दाबायचा, कान लावायचा आणि उतरून शिक्का मारायचा. नव्या गाडीचं एक बरं असतं. तिच्याबद्दल कुणी खोटं बोलत नाही, कारण तिला अजून मालकच मिळालेला नसतो.

निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक मला जुन्या गाड्या दाखवायला न्यायला लागले. ‘कांबळे काका, जरा बघून सांगा, घेऊ का नको.’ सुरुवातीला वाटलं, काय एवढं, बॉनेट उघडायचं आणि सांगायचं. मग कळलं, की गाडी बघणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे गाडीभोवती उभी असलेली माणसं.

माणसं तरी किती तऱ्हेची. एक बाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या, मग शांतपणे उतरल्या आणि म्हणाल्या, “या गाडीत फार भांडणं झाली आहेत. नको.” थेरगावचे एक बुवा पखवाज घेऊनच आले. पखवाज डिकीत आडवा मावला, एवढ्यावर ते गिअरबॉक्स गेलेली गाडी घ्यायला निघाले होते. मी नको म्हटलं तर आजतागायत माझ्याशी नीट बोलत नाहीत.

या कामात माझा जीव स्वस्थ नसतो. कंपनीत शिक्का मारला की गाडी माझ्या डोक्यातून जायची. आता जात नाही. होय म्हणून आलो तरी जेवताना हात थांबतो, तो आवाज खरंच टायरचाच होता का? सुमन, माझी बायको, म्हणते, “तुम्ही घरी येता, पण तुमचं बॉनेट उघडंच असतं.” खोटं नाही ते.

त्यातल्या त्यात ज्या दोन गाड्यांनी मला सर्वांत जास्त घोळात घेतलं, त्यांची हकीकत सांगतो.

पल्लवी निकम ही माझ्या कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी. जनावरांची डॉक्टर. राहायला रावेतला, पण काम सगळं चाकणच्या आसपास आणि खेडच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवर. दुचाकीवर औषधांची पेटी बांधून गोठ्यागोठ्यांतून फिरायची. चाकणच्या पुढे एका कंटेनरनं कट मारला, ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टरमध्ये होती तोवर निम्मे गोठे दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. म्हैस अडली असताना कोण तुमचं हाड जुळायची वाट बघणार?

मला फोन आला. “काका, मला गाडी पाहिजे. लहान, पण उंच. डिझेल. कच्च्या रस्त्यानं जाणारी आणि दोर, पेटी, सलाइनच्या बाटल्या सगळं मावणारी. आणि सकाळी चावी फिरवली की चालू झाली पाहिजे. बाकी काही नको.”

“बाकी काही नको म्हणणारंच गिऱ्हाईक अवघड असतं,” मी म्हटलं.

तिनं दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. दोन्ही एकाच मॉडेलच्या, मागेपुढे घेतलेल्या. पांढरी हिंजवडीजवळ मारुंजीत होती, करडी चाकणजवळ महाळुंग्यात.

आधी मारुंजीला गेलो. मालक प्रतीक, हिंजवडीत कंपनीत कामाला, मूळचा नागपूरकडचा. आता कायमचा परत निघाला होता. इमारतीच्या तळमजल्यावर पांढरी गाडी उभी होती, शोरूममधून कालच आणल्यासारखी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा एका कोपऱ्यात शिल्लक होतं. फार कमी चाललेली. पल्लवीच्या डोळ्यांत मला ती आवडलेली दिसली.

मी इंजिन ऑइल बघायची पट्टी ओढून काढली. ऑइल कमी असलं तर मला नवल वाटत नाही. इथे जास्त होतं, वरच्या खुणेच्याही वर. बोटावर घेऊन वास घेतला, तर डिझेलचा वास.

“प्रतीकराव, गाडी रोज कुठे जाते?”

“ऑफिस. इथून जवळच आहे. ट्रॅफिक असली तर वेळ लागते, नाहीतर गाणं संपायच्या आत पोहोचतो.”

“आणि लांब?”

“लांब नाही नेली काका. सुटीत विमानानंच गावी जातो.” मग थोडा घुटमळून तो म्हणाला, “एक पिवळा दिवा अधूनमधून लागते. त्याचं काही आहे का?”

त्यानं स्वतःहून सांगितलं, हे मला आवडलं.

झालं होतं असं. हल्लीच्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली तापून पळाली की साचलेली काजळी आतल्या आत जळून जाते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. इंजिन बिचारं जादा डिझेल सोडून काजळी जाळायला सुरुवात करतं, तोवर ऑफिस येतं आणि चावी बंद. न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन किती काळ काढणार? ही गाडी वापरून नव्हे, न वापरून आजारी पडली होती.

बाहेर आल्यावर पल्लवीला मी हे सांगितलं. “गाळणी बदलायची वेळ आली तर मोठा खर्च आहे. ती जळून मोकळी होईल का, हे आज सांगता येत नाही.”

ती म्हणाली, “म्हणजे महाळुंग्याचीच घ्यावी लागणार.” तिचा सूर मला जरा चमत्कारिक वाटला.

महाळुंग्याला जाताना तिनं कारण सांगितलं. करडी गाडी बबनराव बोऱ्हाड्यांची. गावातलं जुनं घर. जमिनी एमआयडीसीत गेल्या, आता भाड्याच्या खोल्या आहेत, कंपन्यांना गाड्या लावल्या आहेत, पण म्हाताऱ्यानं आठ-दहा म्हशी ठेवल्या आहेत. त्या गोठ्याची डॉक्टर पल्लवी. प्लास्टरमध्ये असताना तिला न सोडणारं हे एकमेव मोठं घर, आणि आजूबाजूच्या गावांतले त्यांचे सोयरे बबनरावांच्या शब्दावर तिला बोलावतात.

“मी गाडी शोधतेय हे कळल्यावर तेच म्हणाले, आमची घे. आता तुम्ही नको म्हणालात तर मी त्यांना काय सांगू, ते माझं मला कळत नाही.”

गाडी बघायच्या आधीच ती चांगली निघावी, असं मी मनात म्हणायला लागलो.

बबनराव ओट्यावर बसले होते. धोतर, वर कंपनीचा लोगो असलेलं जुनं जॅकेट. त्यांचा मुलगा सागर गाडी पुसत होता. तिशीतला, उंच, कमी बोलणारा.

“बघा, बघा,” बबनराव म्हणाले. “आमी काय लपवत न्हाई. नाशकापत्तोर पळलेली गाडी हाय. कदी रस्त्यात हुबी ऱ्हायली न्हाई.”

गाडी चांगली एक लाखाच्या वर चाललेली. एका दारावर ओरखडा, बंपरला पोचा. पण चालू केली आणि माझा कान खूश झाला. इतकं एकसारखं चालणारं इंजिन जुन्या गाडीत क्वचित ऐकायला मिळतं. हायवेवर पळत राहिलेली गाडी, गाळणी साफ, ऑइल जिथे हवं तिथे. मी ती निघोज्याच्या बाजूला फिरवून आणली. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, कशालाच नाव ठेवता येईना.

आणि तरी मला चैन पडेना. आत फिनेलचा वास होता. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा नवा होता, शेजारचाही नवा. जुन्या गाडीत एक पट्टा बदललेला असू शकतो, दोन कशासाठी? मी मागे जाऊन बसलो आणि मधल्या प्रवाशाचा पट्टा, जो कुणी कधी लावत नाही, तो पार शेवटपर्यंत ओढला. मुळाशी आल्यावर त्यावर सुकलेल्या गाळाची रेघ होती. पुढच्या सीटखाली हात घातला, तर सीट सरकायच्या पट्ट्यांना गंज. गालिच्याची कड उचलली, तर खाली बारीक माती.

ही गाडी पाण्यात बुडालेली होती. चाकापर्यंत नाही, चांगली सीटच्या वर.

वाचकांना वाटेल, वाळली ना मग, आता काय? पुढच्या दोन सीटच्या मध्ये, खाली जमिनीलगत, एक डबी असते. अपघात झाला हे ओळखून एअरबॅग उघडायची की नाही, हे ती ठरवते. ती पाण्यात राहिली की काय करेल याचा नेम नाही. वर्षभर गप्प बसेल आणि नेमकी हवी तेव्हाही गप्पच बसेल. गाडी सुरू होईल, पळेल, माझ्या कानाला खूश करेल आणि आत बसलेल्या माणसाला वाचवणार नाही.

मी खाली उतरलो तर सागर समोर. त्यानं मला पट्टा ओढताना बघितलं होतं. वडील लांब ओट्यावर होते.

“काका,” तो हळू आवाजात म्हणाला, “आबांना माहिती नाही. मी मित्राच्या गॅरेजला सगळं खोलून वाळवलंय. वर्ष होत आलं, एकदाही बंद पडली नाही. तुम्ही फक्त ठीक आहे म्हणा. मी डॉक्टर मॅडमना पुढं काही लागलं तर सगळं बघीन.”

“बुडाली कशी?”

त्यानं मान फिरवली. “ते नका विचारू.”

मी लाइनवर असतो तर गाडी लाल पट्टी लावून बाजूला काढली असती आणि पुढच्या गाडीकडे वळलो असतो. इथे पट्टी लावायची कुणाला? बोललो तर पल्लवीचा सगळ्यात भरवशाचा गोठा जाणार. न बोललो तर ती उद्यापासून याच गाडीनं कंटेनरच्या गर्दीतून फिरणार. मी उगाचच चारी टायर दाबून बघितले, पुन्हा बॉनेट उघडलं, बंद केलं. बबनराव लांबून म्हणाले, “काय वो, लगीन जमवायलात का गाडी बघायलात?”

मग मी पल्लवीला म्हशी बघायच्या निमित्तानं गोठ्याकडे नेलं आणि सगळं सांगितलं. सागर काय म्हणाला तेही सांगितलं. “नको घेऊस,” मी म्हटलं. “कारण मी सांगतो हवं तर. माझं डोकं फिरलंय म्हण, हा कांबळे म्हातारा हट्टी आहे म्हण.”

ती एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. “नाही काका. मी यांच्या म्हशींना खोटं इंजेक्शन देत नाही, तर यांना खोटं कारण कसं देऊ?”

तिनं सागरला गोठ्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. “सागरदादा, गाडी पाण्यात गेली होती हे मला कळलंय. मी ती घेणार नाही. पण आबांना मी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी बाहेर जायच्या आत ठरवा.”

सागर गव्हाणीच्या कडेवर बसला. दोराशी खेळत तो सांगायला लागला.

मागच्या पावसाळ्यात गावाबाहेरचा ओढा एकाएकी फुगला होता. ओढ्याकाठी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. बहुतेक सगळे शिफ्टला गेलेले, मागे बायका-पोरं. सागर कंपनीतून परत येत होता. पाणी रस्त्यावर आलेलं दिसलं, पलीकडे पत्र्यावर चढून बसलेली माणसं दिसली. त्यानं गाडी पाण्यात घातली. दोन फेऱ्या निभावल्या. तिसऱ्या फेरीला गाडी मध्येच बंद पडली आणि आत पाणी शिरलं. पोरांना टपावर बसवून तो त्यांना धरून उभा राहिला. पुढे जेसीबी आला आणि सगळे निघाले.

“मग हे लपवायचं कशाला?” पल्लवीनं विचारलं.

“गाडी आबांच्या नावावर. नवी घेतली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते गावात. आणि त्या दिवशी पाणी बघून त्यांनी फोन केला होता, पलीकडनं ये, गाडी ओढ्याकडं घालू नको. मी हो म्हटलं होतं.” त्यानं दोराला एक गाठ मारली. “गाडी वाळेपर्यंत त्यांना म्हटलं, मित्राला नाशिकला लग्नाला दिली. मग एकदा खोटं बोललं की राहतंच ना.”

गोठ्याच्या दारात बबनराव उभे होते. कधी आले, कळलं नाही. त्यांनी किती ऐकलं, तेही त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

“गाडी न्हाई इकायची,” एवढंच म्हणाले आणि वळून गेले.

परत येताना चाकण चौकातल्या गर्दीत आम्ही अडकलो तेव्हा पल्लवीनं विचारलं, “गेला ना गोठा?” घरी आल्यावर मी चपला घालून दोनदा खाली गेलो आणि वर आलो.

त्या बेचैनीतच मला पांढरी गाडी पुन्हा आठवली. तिचा आजार काय? पळायला मिळत नाही. आणि पल्लवीचं काम काय? सकाळपासून पळायचं. आपण गाड्या एकमेकींशी ताडून बघत होतो, घेणाऱ्या माणसाशी ताडून बघितल्याच नव्हत्या.

प्रतीकला फोन केला आणि गाडीची अडचण त्याला नीट समजावून सांगितली. तो म्हणाला, “काका, खरं सांगतो, मला गाडी विकायची आहे, पण कुणाला फसवून नाही. तुम्ही म्हणाल ते करू.” आम्ही ऑइल बदलून घेतलं. मग मी, पल्लवी आणि प्रतीक असे तिघं किवळ्याहून एक्स्प्रेसवेला लागलो. गाडी पल्लवी चालवत होती. मी शेजारी, डोळे त्या पिवळ्या दिव्यावर.

“वेग एकसारखा ठेव. उगाच ब्रेक नको. मध्ये थांबायचं नाही.”

तळेगाव मागे पडलं. दिवा तसाच. प्रतीक मागून म्हणाला, “नसेल होत तर राहू द्या काका.” मी त्याला गप्प बसवलं, कारण मलाही तेच वाटत होतं. गाळणी पार बुजली असेल तर कितीही पळवा, उपयोग नसतो. कामशेतच्या पुढे इंजिनाचा सूर किंचित बदलला, जरा घोगरा झाला. बाहेरून जळका वास आला. पल्लवी घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

“समोर बघ. जळू दे. जळायलाच हवं.”

लोणावळ्याच्या अलीकडे दिवा विझला. पल्लवीनं स्टेअरिंगवरचा एक हात काढून ओढणीला पुसला, मग दुसरा पुसला. प्रतीक मागे हसत होता. म्हणाला, “माझी गाडी इतकी पळते, हे मला आजच कळलं.”

ती गाडी पल्लवीनं घेतली. खेडच्या वाड्यावस्त्यांवर ती रोज धुळीत जाते. दिवा पुन्हा लागलेला नाही. तरी मी अधूनमधून फोन करून विचारतो आणि ती न कंटाळता सांगते.

बबनरावांकडून मात्र काही निरोप आला नाही. पल्लवीनंही विचारलं नाही. मग एके दुपारी मलाच फोन आला. “कांबळे का? बोऱ्हाडे बोलतोय. या एकदा.”

गेलो. आता बोलणी खावी लागणार, अशी तयारी ठेवूनच गेलो. करडी गाडी दारात होती. बबनराव म्हणाले, “तुमी गोठ्यात सांगत हुता ती एअरबॅगची डबी बिघडली आसंल तर कळतं का?”

“खात्रीनं नाही कळत. बदलावीच लागते.”

“मग बदलून द्या. सून न् नातू रोज बसत्यात तिच्यात.” मग म्हणाले, “आन् डाक्टरीणबाईला सांगा, काळी म्हस भरलीय. गाभण ऱ्हायली का ते बघाया यावं. आमी काय सोयरीक तोडली न्हाई.”

मी एका ओळखीच्या वर्कशॉपला डबी बदलून घेतली, वायरिंग तपासून घेतलं. गाडी परत द्यायला गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी चावी पुढे केली तर बबनराव उलट गाडीत येऊन बसले. सागरला म्हणाले, “तू बी बस. चल, वढ्याकडं.”

सागरनं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा स्टेअरिंगवर बसलो.

ओढा कोरडाच होता म्हणायचा, मध्ये थोडं डबकं, प्लास्टिकच्या पिशव्या. पलीकडे पत्र्याच्या खोल्या तशाच, दोरीवर कंपनीचे निळे शर्ट वाळत घातलेले. दोन लहान मुलं टायर फिरवत खेळत होती. त्यातल्या मोठ्यानं सागरला बघितलं आणि हात हलवला. सागरनंही हलवला, पण कानकोंडा होऊन.

बबनराव उतरले. काठावर उभे राहिले.

“कुठं बंद पडली?”

सागरनं हातानं जागा दाखवली.

“पानी कुठपत आलं हुतं?”

सागरनं स्वतःच्या छातीवर हात आडवा धरला. बबनराव त्या हाताकडे बघत राहिले. ते मुलापेक्षा हातभर बुटके. जवळ गेले, त्याच्या शेजारी खेटून उभे राहिले आणि तो हात जिथे होता तिथून सरळ रेषेत आपल्या अंगाकडे बघितलं. त्यांच्या गळ्याशी येत होता.

“गाडीचं म्या बोललो असतो,” ते म्हणाले. “लई बोललो असतो. पर हे तरी सांगायचं हुतंस की रं.”

सागर खाली बघत होता. बबनरावांनी त्याचा अजून तसाच आडवा राहिलेला हात धरून खाली केला आणि सोडला नाही. मी गाडीपाशी जाऊन उगाच टायर बघत बसलो.